दोन रिंगांचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. जुना म्हणजे चांगलाच जुना. बटणांचा नव्हे, बोट घालून फिरवायच्या तबकडीचा. माझं वजन एवढं आहे की एकदा घरातल्या मुलाने मला स्वतःच्या पायावर पाडून घेतलं, तेव्हा त्याचा अंगठा टम्म सुजला आणि मला साधा ओरखडाही आला नाही. हल्ली पाहुणे मला बघून विचारतात, "हा शोभेसाठी ठेवलाय का?" तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शोभेचा मी कधीच नव्हतो. मी कामाचा होतो आणि अजूनही आहे. ते कसं काय, हेच आज सांगणार आहे. हातातला तो चपटा मोबाईल तेवढा वेळ बाजूला ठेवा, म्हणजे मला बरं वाटेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एकीने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने तबकडी बसवली आणि शेवटच्या चष्मेवाल्या बाईंनी माझ्या घंटेच्या दोन वाट्या घट्ट पिळून बसवल्या. मग एक तपासनीस आले. त्यांनी डोळे मिटून माझी घंटा ऐकली आणि म्हणाले, "हा घर जागं ठेवील." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मी ते आजवर विसरलेलो नाही.

तिथून मी ज्या घरात आलो, त्या घराचे कर्ते टेलिफोन कंपनीतच नोकरीला होते. महसूल विभागात. लोक फोनवर जे बोलतात त्याचे कंपनीला किती पैसे मिळाले, गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, हे बघायचं त्यांचं काम. घरात त्यांना सगळे बाबा म्हणायचे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी उंच स्टुलावर माझी जागा ठरली. आईंनी, म्हणजे बाबांच्या बायकोने, माझ्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं आणि त्याच दिवशी माझ्या तबकडीला इवलंसं कुलूपही लावलं. आधी लाड केले आणि मग बेडी घातली. पण मी मनाला लावून घेतलं नाही.

कारण त्या काळी बोलणं फार महाग होतं, मित्रांनो. परगावी फोन करायचा तर आधी ऑपरेटरला नंबर सांगून ठेवायचा, मग वाट बघत बसायचं, आणि एकदाचा फोन लागला की घड्याळाकडे डोळे लावून बोलायचं. इकडचं तिकडचं बोलायची सोयच नव्हती. "पोचलो. बरा आहे. ठेवतो." संपलं. शिवाय आख्ख्या इमारतीत फोन म्हणजे मी एकटाच. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपला म्हणून माझाच नंबर सगळीकडे वाटलेला. खालच्या मजल्यावरचे सुतारकाका फोन आला की हातातला रंधा घेऊनच धावत वर यायचे. खोलीभर भुसा सांडायचा, आणि काका माझ्यात एवढ्या मोठ्याने बोलायचे की बाबा म्हणायचे, "यांना फोन कशाला हवा? खिडकी उघडली तरी पलीकडे ऐकू जाईल." मला मात्र सुतारकाका आवडायचे. काम झालं की मला शर्टाच्या बाहीने पुसून जायचे.

आता आत्यांबद्दल सांगतो. सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

बाबांना एक थोरली बहीण. बाबा तिला ताई म्हणत आणि घरातला मुलगा आत्या म्हणे. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनीच बाबांना वाढवलं, शिकवलं. दूरच्या एका गावात त्यांचं शिवणकामाचं लहानसं दुकान होतं. वर राहायची खोली, खाली दुकान. लग्न केलं नाही. एकदा त्या तापाने फणफणून पडल्या आणि इकडे कुणाला पत्ताच नाही. त्या बऱ्या होऊन इथे आल्या तेव्हा कळलं. बाबांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

"ताई, आता तुझ्या दुकानात फोन आहे ना? तुझ्या गावाहून ऑपरेटरशिवाय थेट नंबरही लागायला लागलाय. रोज मला फोन करत जा," बाबा म्हणाले.

"रोज? पैसे उतू चाललेत का आपले?" आत्या म्हणाल्या. "तू एकटा कमावता, घरात लहान मूल. ते काही नाही. मी सांगते तसं करायचं. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी दोन रिंग देईन आणि ठेवून देईन. म्हणजे मी धडधाकट आहे. तू उचलायचं नाही. नाही उचललंस म्हणजे तुझ्याकडेही सगळं ठीक. आणि उचललंस, तर मी समजेन काहीतरी बिनसलंय. मग बोलत बसणार नाही. मिळेल ती गाडी पकडून येईन."

असा नियम ठरला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी माझी घंटा दोनदा वाजू लागली. पहिली रिंग वाजली की बाबा हातातलं वर्तमानपत्र खाली करायचे. दुसरी वाजली की मान हलवायचे. मग शांतता झाली की पुन्हा वर्तमानपत्र वर. कुणाला दिसलंही नसतं, पण मी समोरच होतो. त्या दोन रिंगांनंतर त्यांचे खांदे खाली यायचे.

आता यातली गंमत बघा. माझी घंटा वाजायची, मैलोन्‌मैल तारा राबायच्या, आणि कंपनीला त्याचा छदामही मिळत नव्हता, कारण फोन उचललाच जात नव्हता. आणि कंपनीच्या उत्पन्नाचा हिशोब कुणाकडे? आमच्या बाबांकडे. एकदा त्यांच्या कचेरीत बैठक झाली. मोठे साहेब म्हणाले, कितीतरी फोन नुसते वाजतात आणि कुणी उचलत नाही, लोक फुकटात निरोप पोचवतात, यावर काहीतरी उपाय काढा. बाबा मान खाली घालून बसले होते. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आईंना हसू आवरेना.

"तुमच्या ताईच बुडवणार कंपनी," आई म्हणाल्या.

"हळू बोल," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. जसा काही मी चुगली करणार होतो.

त्या सगळ्या वर्षांत बाबांनी आत्यांचा फोन एकदाच उचलला. आई गेल्या त्या दिवशी. संध्याकाळी खोली माणसांनी भरलेली होती, आणि माझी पहिली रिंग अर्धी वाजली तोच बाबांनी मला उचलून कानाला लावलं. पलीकडून आत्यांनी विचारलंही नाही. "निघाले," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात होत्या. त्या महिनाभर राहिल्या, घर लावून दिलं, बाबांना जेवायला बसवत राहिल्या. आणि परत गेल्या त्या संध्याकाळी माझी घंटा पुन्हा दोनदा वाजली. मला तेव्हा फार भरून आलं होतं. टेलिफोन असलो तरी इतकं मला कळतं.

पुढे वारं फिरलं. आधी उरलेसुरले ऑपरेटरही गेले, सगळेच परगावी थेट नंबर फिरवू लागले. मग दर उतरले. मग मोबाईल आले. सुरुवातीला त्यांच्यावर आलेला फोन उचलला तरी पैसे पडत, तेव्हा लोक खिशात मोबाईल असूनही माझ्याकडे धाव घ्यायचे. मी मनातल्या मनात हसत होतो. पण ते हसू फार टिकलं नाही. बाबा जेवताना मुलाला सांगायचे, "यंदा घरच्या फोनचं उत्पन्न थांबलंय, मोबाईलचं वाढतंय." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "घरचे फोन लोक परत करतायत." कचेरीच्या भिंतीवर म्हणे एक आलेख होता. त्यावर माझी रेघ वरून खाली यायची आणि मोबाईलची खालून वर चढायची. बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी त्या दोन रेघांनी एकमेकींना ओलांडलं. निरोपाचा हार काढून त्यांनी स्टुलाच्या कडेला अडकवला, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी रेघ खाली आली रे."

काय बोलणार? संध्याकाळी दोनदा वाजलो, तेवढंच.

मग तर बोलण्याला काही किंमतच उरली नाही. लोक बोलण्याचे पैसे देईनात, बघण्याचे देऊ लागले. कंपन्या चित्रं, गाणी, सिनेमे पोचवून कमाई करू लागल्या आणि बोलणं वरती फुकट वाटू लागल्या. आमच्या घरात माणसं तीन आणि मोबाईल चार. बाबांचा एक, त्यांच्या मुलाचे दोन, त्यातला एक कामाचा, आणि मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं, त्या सूनबाईंचा एक. पूर्वी आईंच्या किराण्याच्या यादीत शेवटी कुठेतरी 'फोन' असायचा. आता घरातल्या फोनांचा खर्च किराण्याच्या बरोबरीला येऊन बसला होता. आणि घरात शांतता एवढी की माझ्या स्टुलाखाली मुंगी चालली तरी ऐकू यावी.

एका रविवारी मुलाने सगळा खर्च मांडला. पोरगा वाईट नाही. नवीन संसार, घराचे हप्ते, काटकसर करायला बसला होता.

"बाबा, या जुन्या फोनचं भाडं आपण दर महिन्याला भरतोय. कित्येक महिन्यांत यावरून आपण एकही फोन केलेला नाही."

"राहू दे की," बाबा म्हणाले.

"आत्यासाठी म्हणताय ना? तिला मोबाईल घेऊन दिलाय आपण."

"तो ती ड्रॉवरमध्ये ठेवते. म्हणते, त्याला दोन रिंग कुठे कळतात, गाणंच सुरू होतं."

"अहो, पण आता बोलणं फुकट आहे. कितीही बोला."

बाबांनी तो हिशोब दोनदा वाचला. सगळा जन्म त्यांनी आकड्यांवर विश्वास ठेवला होता. आकड्यांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. "ठीक आहे," ते म्हणाले. मुलाने अर्ज केला. लाइनमन कोणत्या दिवशी येऊन तार कापणार, तेही ठरलं.

मित्रांनो, मला कापण्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी काळजी निराळी होती. माझी तार कापली की आत्यांच्या दोन रिंग कुठे वाजणार? त्या रिंग देतील आणि इकडे काहीच वाजणार नाही. हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. पण सांगायचं कसं? पत्राचा भरवसा नव्हता, ते तार कापल्यावरही पोचलं असतं. बाबांनी त्यांचा फोन उचलला तर त्या घाबरणार. बाबांनी आपणहून केला तर जास्तच घाबरणार, कारण वाईट बातमीशिवाय त्या दोघांमध्ये कधी फोन झालाच नव्हता. बाबा रोज दुपारी माझ्यापाशी येऊन बसायचे, हात माझ्यावर ठेवायचे आणि उठून जायचे. उद्या सांगू, परवा सांगू करता करता लाइनमन यायचा आदला दिवस उजाडला.

त्या संध्याकाळी बाबा केस कापायला गेले होते. न्हाव्याकडे गर्दी होती, त्यांना उशीर झाला. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करतात. एरवी त्या उशिरा येतात, त्या दिवशी लवकर आल्या होत्या. त्यांच्या दुकानाचा नियम आहे, दुसरी रिंग वाजायच्या आत फोन उचलायचा, गिऱ्हाईक खोळंबता कामा नये. आणि आमच्या घरचा नियम त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. घरच्यांना तो इतका अंगवळणी पडला होता की तो सांगायचा असतो हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझी पहिली रिंग वाजली. सूनबाई हात पुसत आल्या आणि त्यांनी मला उचललं.

"हॅलो?"

पलीकडे एक श्वास ऐकू आला. तो श्वास मी ओळखला. "हॅलो, कोण बोलतंय?" सूनबाईंनी पुन्हा विचारलं, पण तोवर पलीकडे फोन खाली ठेवला गेला होता. चुकून लागला असेल, असं म्हणून त्या आत गेल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला दुसऱ्याच्याच तोंडाने बोलता येतं.

बाबा आले, टोपी काढून खुर्चीत बसले, घड्याळ बघितलं. मग विचारलं, "रिंग वाजली होती का गं?"

"हो, एक फोन आला होता. मी लगेच उचलला, पण समोरून कोणी बोललंच नाही."

बाबा खुर्चीतून ताडकन उठले. "ताई निघाली," ते म्हणाले.

मग काय धावपळ झाली म्हणता! बाबांनी माझी तबकडी फिरवून आत्यांच्या दुकानात फोन लावला. तिकडे नुसती रिंग जात राहिली. मुलाने आपल्या मोबाईलवरून त्यांच्या मोबाईलवर लावला. तो कुठे वाजला असेल हे सगळ्यांना माहीत होतं. ड्रॉवरमध्ये. घरात चार मोबाईल, कितीही बोला फुकट, आणि एका म्हाताऱ्या बाईला "सगळं ठीक आहे" एवढे तीन शब्द कळवायची सोय नव्हती. मुलगा स्टँडवर जाऊन चौकशी करून आला. तिकडून निघालेली गाडी सकाळीच पोचणार होती. सूनबाई एका कोपऱ्यात बसून रडल्या. बाबा त्यांना म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही." पण रात्रभर ते स्वतः अंथरुणाला टेकले नाहीत. आत्यांचं वय झालं होतं, हृदयाचं दुखणं होतं, आणि त्या एकट्या, भावाचं बरंवाईट झालं असं समजून गाडीत बसल्या होत्या.

सकाळी दार वाजलं तेव्हा बाबा दात घासत होते. ब्रश तोंडात तसाच ठेवून त्यांनी दार उघडलं. दारात आत्या. हातात पिशवी, गळ्यात मोजमापाची पट्टी तशीच लोंबत होती. काढायचंही भान राहिलं नव्हतं. त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंडाला फेस, नुकते कापलेले केस.

"तू आहेस," त्या म्हणाल्या. आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.

बाबा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. सूनबाईंनी पाणी आणलं आणि "आत्या, मी उचलला फोन, मला माहीत नव्हतं," असं सांगताना पुन्हा डोळे भरले. आत्यांनी त्यांचा हात धरून त्यांनाही खाली बसवलं.

"तुझी काय चूक? फोन वाजला तर माणूस उचलणारच. आम्हीच मुलखावेगळे," आत्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "खरं सांगू तुला? रोज पहिली रिंग गेली की वाटायचं, तू उचलावास. एकदा तुझा आवाज ऐकावा. आणि लगेच मनात म्हणायचे, नको रे, उचलू नकोस, तिकडे सगळं बरं असू दे. रोज असंच."

बाबांनी तोंडातला ब्रश काढला आणि खांद्यावरच्या टॉवेलने फेस पुसला.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलायला तू उचलायला नको का?"

"तूच म्हणालीस उचलू नको. नियम तुझा."

"अरे, तेव्हा महाग होतं ते. तुझे पैसे वाचावेत म्हणून म्हटलं मी. पुढे तूही काही म्हणाला नाहीस. मला वाटलं, तुलाच नको असेल."

"आता फुकट आहे, ताई. केव्हापासूनच."

"मग मला कोण सांगणार? तू तर त्याच खात्यात होतास."

दर उतरल्याची खबर सगळ्या जगाला द्यायचं काम बाबांच्या कचेरीचं होतं, आणि एवढ्या एका बहिणीला सांगायचं राहून गेलं होतं. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी टॉवेलने डोळे पुसले.

तेवढ्यात लाइनमन आला. हातात पक्कड, खांद्याला तारेचं वेटोळं. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. पण मुलगाच पुढे झाला आणि म्हणाला, "दादा, राहू द्या. अर्ज मी मागे घेतो."

"नक्की?" लाइनमनने विचारलं. "रोज कापायलाच जातो मी. ठेवा म्हणणारं हल्ली कुणी भेटत नाही." त्याने पक्कड पिशवीत टाकली, माझी जोडणी एकदा तपासून घट्ट केली आणि चहा पिऊन गेला.

नवा नियम सूनबाईंनी केला. "पहिल्या दोन रिंग आत्यांच्या. त्या राहू देत. तिसरी वाजली की उचलायचं, आणि उचललं म्हणजे काही बिनसलंय असं कुणीही समजायचं नाही."

"आणि पैसे?" आत्यांनी सवयीने विचारलं.

"भाडं भरलं की बोलणं फुकट," बाबा म्हणाले. "जन्मभर कंपनीला बुडवलं आपण. आता द्यायला बसलो, तर घेणारंच कोणी नाही."

आठ-पंधरा दिवस राहून आत्या परत गेल्या. त्या दिवशी संध्याकाळी बाबा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले होते. वर्तमानपत्र हातात होतं, पण वाचत नव्हते. माझी घंटा वाजली. एक. दोन. मग जरा थांबून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या घरात आत्यांची तिसरी रिंग वाजली. बाबांनी मला उचललं.

"हॅलो."

"हॅलो."

दोघांनाही पुढे काय बोलायचं कळेना. इतक्या वर्षांत सवयच नव्हती.

"काय करतोस?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही. तू?"

"काही नाही. आत्ताच दुकान बंद केलं."

मित्रांनो, माझ्यातून लोकांनी लग्नं ठरवली, नोकऱ्या मिळवल्या, भांडणं केली, मरणाच्या बातम्या दिल्या. पण त्या दिवशीच्या 'काही नाही'इतकं गोड मी दुसरं काही वाहून नेलेलं नाही. आता ते रोज अर्धा-अर्धा तास बोलतात. बहुतेक 'काही नाही'च बोलतात.

मला पुसलं नाही तरी चालेल, झाकण फाटलंय तेही राहू द्या. माझं एकच मागणं आहे. बोलणं महाग होतं तेव्हा कितीतरी माणसं आपल्या माणसांचे पैसे वाचावेत म्हणून गप्प राहायला शिकली. आता ते स्वस्त झालंय, हे तुमच्या घरातल्या अशा माणसाला कुणी सांगितलंय का, एकदा बघा. नसेल सांगितलं, तर आजच फोन करून सांगा. आणि त्यांचा फोन आला, तर तिसऱ्या रिंगपर्यंतही थांबू नका.